पाठीवर पोतं असताना

मी कामावरून घरी येत होते आणि माझ्याच घराच्या वाटेवर वॉचमनने माझ्याकडे तिकीट मागितलं.

लोणावळ्यात शनिवारी कामावरून घरी येणं ही तशीही शिक्षाच असते. भुशीकडे निघालेल्या गाड्यांनी रस्ता तुंबलेला, रिक्षावाला गावातल्या माणसाकडे ढुंकून बघत नाही, आणि चालायचं म्हटलं तर फुटपाथवर मक्याची कणसं भाजणं चाललेलं. हॉटेलांच्या चादरी-टॉवेल धुणाऱ्या लाँड्रीत मी कामाला आहे. दिवसभर दुसऱ्यांनी केलेल्या मजेचे डाग बघायचे आणि संध्याकाळी तीच माणसं चुकवत घर गाठायचं. त्या दिवशी डोकं आधीच तापलेलं होतं. त्यात हा वॉचमन नवीन होता. त्याने स्वतःचं मनगट वर करून दाखवलं, म्हणजे माझ्या मनगटाला तिकिटाचा नारिंगी कागदी पट्टा का नाही, असं विचारायचं होतं त्याला.

मी म्हटलं, "मी इथे राहते."

त्याने मागे वळून पाहिलं. दिव्यांच्या माळा, कॉफीचं दुकान, मोमोची गाडी, फोटो काढणाऱ्या पोरी. मग अगदी नम्रपणे म्हणाला, "इधर कोई रहता नहीं, मॅडम."

त्या बिचाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. तिथे कुणी राहत असेल असं कुणालाच वाटलं नसतं.

स्टेशनच्या मागच्या अंगाला आमचा मालधक्का होता. मालगाडीच्या डब्याच्या दाराला लागेल एवढ्या उंचीचा लांबलचक दगडी ओटा, वर पत्र्याचं छप्पर आणि त्याच्या पाठीमागे हमालांची बैठी चाळ. चाळीच्या एका अंगाला रूळ, दुसऱ्या अंगाला ओढा, मागे पूर्वी मोकळं रान होतं तिथे आता एका हॉटेलची उंच भिंत. बाहेर पडायची वाट एकच, धक्क्याच्या फाटकातून. माझा जन्म त्या चाळीतला. आबा, म्हणजे माझे वडील, त्या धक्क्यावर हमाल होते.

आबा मूळचे नवलाख उंबरे गावचे. भावाभावांत वाटण्या होऊन जमिनीची पट्टी उरली तेव्हा ते इकडे आले आणि हमालांच्या टोळीत लागले. सिमेंट, खत, साखर, मीठ, जे येईल ते उतरवायचं. पोतं पाठीवर घ्यायला दोन माणसं लागतात. घेणारा वाकतो, "हात दे" म्हणतो, आणि दुसरा दोन टोकं धरून त्याच्या पाठीवर चढवतो. मग डब्यातून ओट्यावर टाकलेल्या फळीवरून चालत जायचं आणि थप्पीला पाठ लावून पोतं सोडायचं. सिमेंटचा डबा लागला की आबांच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या आणि मी लहानपणी त्यांना ओळखत नसे, असं आई हसून सांगायची.

या धक्क्यावर एक कायदा होता आणि तो कुणीही मोडत नसे. पाठीवर पोतं असलेल्या माणसाशी बोलायचं नाही. हाक मारायची नाही, काही विचारायचं नाही, चांगली बातमी असली तरी सांगायची नाही. कारण अगदी साधं होतं. उत्तर द्यायला माणूस मान वळवतो, मान वळली की तोल जातो, आणि पायाखाली नुसती फळी असते. मी झाले ती बातमी घेऊन आलेला शेजारी, आबांनी पोतं थप्पीला लावेपर्यंत, तोंड मिटून फळीजवळ उभा होता. त्याला पाहून आबा समजले म्हणे, पण त्यांनीही विचारलं नाही. आधी पोतं ठेवलं आणि मग म्हणाले, "आता सांग."

तो कायदा धक्क्यावरून आमच्या घरात आला तो कायमचाच. आईच्या मागे कामाची घाई असली आणि मी काही विचारायला गेले की ती म्हणायची, "वझं उतरू दे माझं आदी." परीक्षेत नापास झाले तेव्हा आबांनी मला काही विचारलं नाही. पनवेलला दिलेली मी सासर सोडून परत आले तेव्हाही नाही. पोर ओझ्याखाली आहे, उतरलं की बोलेल, एवढंच. मला त्याचं फार बरं वाटायचं. इतर बापांसारखं त्यांनी मला फैलावर घेतलं नाही. नातेवाइकांना मात्र आमचं घर शिष्ट वाटायचं. एकमेकांना काही विचारत नाहीत, सांगत नाहीत, ही कसली माणसं, असं शिरगावची मावशी आमच्या तोंडावर म्हणायची.

मग धक्का बंद पडला. तो एका दिवसात पडला नाही, म्हणून कुणाला नीट कळलंही नाही. डबे कमी कमी यायला लागले. माल ट्रकमधून थेट दुकानाच्या दारात उतरायला लागला. टोळी ओट्यावर पत्ते खेळत बसायची आणि लांबून इंजिनाचा आवाज आला की सगळ्यांच्या माना वर व्हायच्या, गाडी न थांबता पुढे गेली की पुन्हा पत्त्यांत जायच्या. पुढे पत्तेही बंद झाले. छपराचे पत्रे गंजून गळायला लागले, दगडांच्या फटीत गवत वाढलं. दिवस मावळला की पिणारे येऊन बसायचे. कामावरून येताना मी चपला हातात घ्यायचे, आवाज नको म्हणून. आईने त्याच दिवसांत दाराशी शेवग्याचा खुंट लावला. लोणावळ्याच्या पावसात शेवगा तगायचा नाही, असं सगळी चाळ म्हणाली. तो तगला. आई मात्र पुढच्या पावसाळ्यात गेली.

त्यानंतर काही वर्षांनी धक्क्याभोवती निळे पत्रे उभे राहिले. कुण्या कंपनीने जागा भाड्याने घेतली, असं कळलं. आत कायकाय ठोकाठोक चालली होती. पत्रे निघाले तेव्हा आम्ही बघतच राहिलो. दगड घासून उजळ केलेले, छपराला नवे पत्रे, ओट्यावर बाकं आणि कुंड्या. जुन्या वजनकाट्याला तेलरंग लावून त्याच्याभोवती दोरी बांधलेली. कुठून तरी मालगाडीचा एक डबा आणून त्यात टेबलं मांडलेली. खोटं कशाला बोलू, मला आधी बरं वाटलं. दिवे आले, पिणारे गेले, चपला घालून घरी यायला लागले.

चाळीतली बाकीची माणसं एकेक करून गेली. कंपनीने त्यांची काही ना काही सोय लावली, कुणी तळेगावला लेकाकडे गेलं, कुणी कामशेतला. त्यांच्या खोल्यांत दुकानांचं सामान भरलं. धक्क्याचा मॅनेजर, पुण्याकडचा हसतमुख तरुण माणूस, आमच्याकडेही आला होता. आबा उंबऱ्यावर बसून शेवग्याकडे बघत होते. ते काही बोलले नाहीत, म्हणून मीच म्हटलं, "आबांना विचारून सांगते."

विचारलं नाही. आईचं झाड, आईचं घर, सगळं आयुष्य काढलेला धक्का. या माणसाला इथून हलवायचं म्हणजे मुळासकट उपटायचं, असं मला वाटलं. त्यांच्या चेहऱ्यावर ओझं स्पष्ट दिसत होतं. ते उतरेल तेव्हा बघू म्हणून मी थांबले.

तर त्या वॉचमनने मला अडवलं तेव्हा हे सगळं माझ्या तोंडून बाहेर पडलं. माझा आवाज मोठा आहे, लाँड्रीतल्या मशीनवरून ओरडायची सवय. इथे माझा जन्म झालाय, ही वाट माझ्या बापाने घासून गुळगुळीत केलीय, मला माझ्या घरात जायला कुणाचा पट्टा लागत नाही, असं बरंच. लोक मोमो खायचे थांबले. मॅनेजर धावत आला.

"ताई, ताई, आपण काय परके आहोत का?" तो म्हणाला. "वाट तुमचीच आहे. पण आमचीही अडचण समजून घ्या. आपण एकमेकांना सांभाळून घेऊ." आणि मग तो माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत बोलायला लागला, कारण माझा आवाज ऐकून आबा फाटकापाशी येऊन उभे राहिले होते. "बाबा, तुम्ही शनिवार-रविवार इथे हमालाच्या वेशात उभे राहिलात तर काय मजा येईल लोकांना! खरे हमाल! तुम्ही आमचे, म्हणजे मग वाटेचा प्रश्नच नाही."

मी तोंड उघडणार तेवढ्यात आबा म्हणाले, "व्हय. ऱ्हातो हुबा."

"आबा, कशाला?"

"तू घरात चल."

घर राखायला हा माणूस स्वतःची जत्रा मांडायला तयार झाला, या विचाराने मला त्या रात्री जेवण गेलं नाही. रागही आला आणि रडूही. पण विचारलं नाहीच.

पहिल्या शनिवारी त्यांना पांढरं धोतर आणि लालभडक फेटा दिला. धक्क्यावर उभ्या जन्मात कुणी फेटा बांधला नव्हता. बांधून आला असता तर टोळीने त्याला वरात कुठाय म्हणून छळलं असतं. पोत्यात फोम भरलेला होता, म्हाताऱ्या माणसाला त्रास नको म्हणून, असं मॅनेजर म्हणाला आणि त्याचा हेतू चांगलाच होता. आबा वाकले. कॉफीच्या दुकानातल्या माणसाने पोतं त्यांच्या पाठीवर ठेवलं. आबांनी दात आवळून, कंबर घट्ट करून, आयुष्यभर जसा जोर लावला तसा लावला आणि पोतं त्यांच्या डोक्यावरून उडून पुढे पडलं. पाठोपाठ आबा, दोन्ही हात टेकून. लोकांना वाटलं हा कार्यक्रमच आहे. टाळ्या पडल्या.

घरी आल्यावर गुडघ्याला हळद लावताना ते एवढंच म्हणाले, "पाठीला कळंनाच काय आलंय ते."

पुढच्या आठवड्यात त्यांनी फोम काढायला लावून भाताचं तूस भरून घेतलं. तेही हलकंच, पण पाठीवर बसतं तरी. मग ते दर शनिवारी-रविवारी धक्क्याच्या टोकाला पोतं घेऊन वाकून उभे राहायला लागले. मधे मधे शोभेला रचलेल्या थप्पीला टेकवून दम घ्यायचे, पुन्हा कुणाला तरी हात द्यायला लावून उचलायचे. लोक शेजारी उभं राहून फोटो काढायचे, विचारायचे, "काका, किती वजन आहे? काका, वय काय तुमचं?" आबा उत्तर द्यायचे नाहीत. पाठीवर पोतं होतं ना. मॅनेजरला आधी ते उद्धट वाटलं, मग त्याच्या लक्षात आलं की लोकांना यातच मजा वाटतेय. त्याने शेजारी पाटी लावली, हमालकाका कधीच बोलत नाहीत, बोलवून दाखवा. पोरं त्यांच्या समोर माकडचेष्टा करायची. एकाने त्यांच्या नाकाला गवताची काडी लावलेली मी खिडकीतून पाहिली आणि खिडकी लावून घेतली.

मला सुट्टी रविवारी असते. म्हणजे आठवड्यातला माझा एकुलता एक दिवस मी दार-खिडक्या बंद करून, भर दुपारी दिवा लावून घालवायचे. दार उघडं टाकलं तर कुणी तरी आत डोकावून विचारायचं, वॉशरूम इकडेच का? बाहेर वाळत घातलेल्या माझ्या साडीचा फोटो एका बाईने काढला, वर मला म्हणाली, किती छान रंग आहे. सिलिंडरवाला फाटकावर टाकी ठेवून जायचा, तिथून ती मी गडगडत आणायचे. मावशीने येणं बंद केलं. पट्टा बांधून बहिणीच्या घरी यायचं असलं तर मी मेलेली बरी, असं तिने फोनवर सांगितलं. रविवारी त्या खोलीत बसून धक्क्यावरच्या स्पीकरचं संगीत ऐकताना, बाहेर शेकडो माणसं हसत असताना, मला उठून पळून जावंसं वाटायचं, पण पळायची वाटही त्यांच्यातूनच होती.

सुटकेची एक संधी आली होती. नवलाख उंबऱ्याच्या माझ्या चुलतभावाने कारखान्यांतल्या कामगारांसाठी खोल्या बांधल्या आहेत. गेल्या हिवाळ्यात तो आला, आबांना फेट्यात बघून त्याचं तोंड उतरलं. मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, खालची खोली तुमच्यासाठी ठिवतो. म्होरं अंगन हाय, शेवगा लाव न्हाईतर आंबा लाव. आबांस्नी घिऊन ये."

"आबांना विचारते," मी म्हटलं.

त्या खोलीचं अंगण मी मनात कितीदा झाडलं असेल. पण रविवारी संध्याकाळी आबा फेटा काढून भिंतीकडे तोंड करून पडायचे, आणि बाकीचे दिवस शेवग्यापाशी बसून असायचे. अशा माणसाला काय विचारणार? मी आपली रोज कामाला जायच्या आधी झाडाला बादलीभर पाणी घालायचे, त्यांना बरं वाटावं म्हणून. उन्हाळ्यात तो शेवगा पिवळा पडायला लागला. पाणी कमी पडतंय म्हणून मी आणखी घालायला लागले.

मग हा पावसाळा आला. जुलैमधला रविवार, दोन दिवस झड लागलेली आणि अख्खं पुणे-मुंबई घाट चढून आलेलं. छत्र्यांना छत्र्या घासत होत्या. मी आत डाळ निवडत बसले होते आणि चुलतभावाचा फोन आला.

"ताई, वाईट वाटून घिऊ नको. ती खोली मी दिली. कारखान्यात नवी पोरं लागली, जागा लागली त्यांस्नी. मी तरी किती थांबू?"

मी म्हटलं, "अरे, मी आबांना विचारणारच होते."

"तू म्हनतीस आबांना इचारते. आबांस्नी फोन केला की ते म्हनत्यात लेकीला इचारतो. तुमचं दोगांचं हे कवा संपनार? आबा तर म्हनले, मला काय कुटं बी चालंल, पन लेकीचा जीव हाय त्या घरावर. आयचं झाड हाय, वाटंसाठी किती भांडली ती. तिला कसं हलवू?"

डाळीचं ताट मांडीवर तसंच राहिलं. मी त्या वाटेसाठी भांडले होते, म्हणून मला तिथेच राहायचंय असं त्यांनी धरलं. ती वाट मला मिळावी म्हणून ते फेटा बांधून उभे राहिले. ते उभे राहिले म्हणून मला वाटलं की हे घर त्यांना जिवापाड आहे. आणि दुपारी, मी लाँड्रीत असताना, त्या झाडाला आणखी पाणी कोण घालत होतं आणि ते पिवळं का पडत होतं, तेही मला त्याच वेळी कळलं.

मी छत्री न घेता बाहेर पडले. गर्दीतून वाट काढत धक्क्याच्या टोकाला गेले. आबा पोत्याखाली वाकून उभे होते, फेट्यावरून पाणी ठिबकत होतं. समोर एक कुटुंब फोटोसाठी उभं होतं. मी त्या माणसांच्या आणि आबांच्या मधे जाऊन उभी राहिले आणि जन्मात पहिल्यांदा पाठीवर पोतं असलेल्या माणसाशी बोलले.

"आबा, तुम्हाला इथून जायचं होतं?"

त्यांनी मान वळवली नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. पोतं घेऊन सावकाश पाठमोरे चालत ते थप्पीपाशी गेले, पाठ टेकवली, पोतं सोडलं, कंबरेवर हात ठेवून सरळ झाले. फोटोसाठी थांबलेल्या कुटुंबातला माणूस चिडून काही तरी म्हणाला. आबांनी उपरण्याने तोंड पुसलं.

"आता सांग," ते म्हणाले.

"जायचं होतं का?"

"कवाच."

"मग विचारलं का नाहीत मला? एकदा तरी विचारायचं!"

माझा आवाज नेहमीसारखा चढला होता. आबांना राग नव्हता आला, नवल वाटलं होतं, की एवढी साधी गोष्ट हिला कशी कळत नाही.

"कवा इचारनार?" ते म्हणाले. "पनवेलास्नं आलीस तवापासनं बघतोय. एक दिस तरी तुजी पाठ रिकामी दिसली का मला?"

पावसात मी त्यांच्यासमोर उभी राहून रडले आणि पहिल्यांदाच मला लोकांची लाज वाटली नाही. कुणीतरी त्याचाही फोटो काढला असेल.

"खोली गेली आबा," मी म्हटलं. "त्याने दुसऱ्यांना दिली."

"असूं दे," ते म्हणाले, पण थप्पीवर हात टेकून खाली बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

मॅनेजर लांबून हात करत होता. रांग वाढली होती. धक्का बंद व्हायला अजून वेळ होता आणि फाटकातून आम्हा दोघांना उद्याही जायचं-यायचं होतं. आबा उठले. त्यांनी फेटा सारखा केला, थप्पीकडे पाठ केली आणि वाकले.

"हात दे," ते म्हणाले.

मी ओल्या पोत्याची दोन टोकं धरली आणि त्यांच्या पाठीवर चढवलं. तूस पावसात भिजून जड झालं होतं. "संध्याकाळी बोलू आबा," मी म्हटलं, "सगळं बोलू."

त्यांनी उत्तर दिलं नाही. पाठीवर पोतं होतं.